ओटीत घातलेला करारनामा

आमच्या घरात चष्मे हरवतात, किल्ल्या हरवतात. एकदा मुक्कामाला येणारे मामेसासरे डोंबिवलीला पूर्वेला उतरायचं ते पश्चिमेला उतरून दोन तास हरवले होते. कागद मात्र हरवत नाही. त्याचं सगळं श्रेय ह्यांचं. ह्यांची एक काळी रेक्झिनची बॅग आहे. तिच्या झाकणाच्या आत पुठ्ठा चिकटवलेला आणि पुठ्ठ्यावर ह्यांच्या टपोऱ्या अक्षरात यादी. क्रमांक एक, मूळ करारनामा, बिल्डर आणि पहिले मालक. क्रमांक दोन, आपला करारनामा. मग नोंदणीची पावती, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, असं करत करत एकवीसपर्यंत. एकवीसवर मिक्सरचं गॅरंटी कार्ड आहे. मिक्सर कधीच भंगारात गेला, कार्ड आहे.

दर लक्ष्मीपूजनाला ही बॅग पाटावर बसते. हे यादी वाचतात, मी एकेका पाकिटाला हळदकुंकू लावते. पाकिटं उघडायची नाहीत. क्रमांक एकच्या पाकिटावर तर ह्यांनी लाल शाईनं लिहिलंय, 'विनाकारण उघडू नये'. आणि हे स्वतःचा हुकूम स्वतः पाळणाऱ्यांतले.

त्या पाकिटाला मी दर वर्षी कुंकू जरा जास्तच लावायची. ह्यांना वाटायचं, घरावर काय माया आहे हिची!

गेल्या वर्षी ह्यांच्या गुडघ्यांनी तिसरा मजला नको म्हणून सांगितलं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि व्हायची चिन्हंही नाहीत. माजिवड्याला लेकीच्या शेजारच्या इमारतीत लिफ्टवालं घर मिळत होतं. हे विकायचं आणि ते घ्यायचं, असं ठरलं. गिऱ्हाईक म्हणून ठाण्याजवळच्या दिव्याहून एक जोडपं आलं, नुकतं लग्न झालेलं, भाड्यानं राहणारं. नवरा खोल्या मोजत होता. मुलगी थेट स्वयंपाकघरात गेली, तिनं नळ सोडला आणि पाण्याकडे बघत उभी राहिली.

"आजी, हे रोज येतं?"

"दोन्ही वेळेला येतं. वर टाकी पण आहे."

तिनं नळ हळूच बंद केला, कुणाचं तरी झोपलेलं बाळ खाली ठेवावं तसा. मी मनात म्हटलं, घर हिलाच द्यायचं.

त्यांच्या बँकेच्या वकीलबाईंनी आम्हाला बोलावलं. सगळे करारनामे मुळातले दाखवा म्हणाल्या. बिल्डरनं पहिल्या मालकाला दिलेला, पहिल्या मालकानं तुम्हाला दिलेला, अशी साखळी पूर्ण हवी, नाहीतर कर्ज निघत नाही. हे खुशीत बॅग उघडून बसले. असा दिवस उजाडावा म्हणूनच तर त्यांनी सदतीस वर्षं ती बॅग सांभाळली होती. क्रमांक एकचं पाकीट त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केलं. वकीलबाईंनी कात्रीनं कड कापली आणि आतून कल्याणच्या भाड्याच्या खोलीची लाइटबिलं काढली. चांगली जाडजूड थप्पी, सुतळीनं बांधलेली.

वकीलबाई म्हणाल्या, "काका, हे काय?"

ह्यांनी थप्पी हातात घेतली. बिलं उलटी करून बघितली, पाकिटात हात घालून बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेरच्या रिक्षा मोजत होते.

वकीलबाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, घाबरू नका, हरवला असेल तर पोलिसांत तक्रार द्या, पेपरात नोटीस द्या, निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत काढा, थोडा वेळ लागेल पण होईल. ह्यांच्या कानात त्यातला एकच शब्द शिरला होता. हरवला.

पुढचे तीन दिवस ह्यांनी घर उपसलं. कपाटं, माळा, गाद्यांखाली, देवांच्या पाटाखाली. पुस्तकांचं पान न् पान झटकलं. तिसऱ्या दिवशी शोधणं थांबलं, ते मला जास्त लागलं. हे पलंगावर बसून पुटपुटत होते. कान देऊन ऐकलं तर यादी म्हणत होते, एक ते एकवीस. शाळेतला मुलगा परीक्षेच्या आधी म्हणतो तशी.

"बिलं जपली मी आणि करारनामा रद्दीत घातला," म्हणाले. "बघ ना. माझ्या हातानं. आणि आठवत काहीच नाही. आता मी औषध घेतलं का नाही, ते तू बघत जा."

त्यांनी गॅस बंद आहे का ते दोनदा उठून पाहिलं. ज्या माणसाला लग्नातल्या पंगतीतल्या भाज्या आठवतात, तो माणूस स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास घालवून बसला होता. आणि मला सगळं ठाऊक होतं. तरी मी तीन दिवस तोंड उघडलं नाही. म्हातारपणी माणसाला शहाणपण येतं म्हणतात. माझं बहुधा वाटेत कुठंतरी पत्ता विचारत असेल.

आता ते पाकीट. दोष सगळा तेव्हाच्या माझा, म्हणून आधी तिची ओळख करून देते. वय एकोणतीस. महिला मंडळात दोन भाषणं ऐकून आलेली. समाज बदलायला बाई निघालीच होती, फक्त कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या थांबली होती. कल्याणच्या एका खोलीतून डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आल्यामुळे पाय जमिनीला लागत नव्हते. कागदपत्रांबद्दलचं ज्ञान एवढंच, की नवी साडी आली की जुनी बोहारणीला द्यावी.

हे समजवायचे, "जुना करारनामा म्हणजे घराची पत्रिका आहे."

मी म्हणायची, "पत्रिका कशाला? घराचं लग्न लावायचंय का?" आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसायची.

घर आम्ही एका काकूंकडून घेतलं होतं. त्यांचे यजमान वर्षभरापूर्वी गेले होते, म्हणून घर विकून त्या ठाण्याला भावाच्या आसऱ्यानं राहायला निघाल्या होत्या, मुलाला घेऊन. आम्ही राहायला आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी काकू दुपारच्या आल्या. मोरीच्या दाराची किल्ली त्यांच्याकडे राहिली होती, ती द्यायला. मी चहा केला. हे ऑफिसात. काकूंनी घरभर नजर फिरवली, पण उठून आत काही गेल्या नाहीत.

मग म्हणाल्या, "तो आमचा करारनामा आहे ना गं, जरा बघू?"

मी बॅगेतून काढून दिला. हिरव्या जाड कागदावर टाइप केलेला, लांबट, कोपऱ्यात दोऱ्यानं शिवलेला. काकूंनी वाचला नाही. थेट शेवटचं पान काढलं आणि निळ्या शाईतल्या सहीवरून बोट फिरवलं.

"त्यांनी आयुष्यात सगळीकडे नुसती एक रेघ ओढली गं. पगाराच्या वहीत रेघ, मुलाच्या प्रगतिपुस्तकावर रेघ. बिल्डर म्हणाला, साहेब, इथं पूर्ण नाव लिहा. तर हे असे वाकून, जीभ बाहेर काढून लिहीत बसले. एवढी एकच सही आहे त्यांची, नाव वाचता येईल अशी."

त्यांनी कागद मिटून मला परत दिला आणि पदर सावरून उठल्या. इथं आमच्या समाजसुधारक बाईंच्या अंगात आलं. विधवेची ओटी भरत नाहीत म्हणे! कोण म्हणतं? मी भरणार! समोरच्या दारातल्या आजीबाई जाळीतून बघत होत्या, त्यामुळे तर मला जास्तच चेव चढला. गृहप्रवेशाचा नारळ होता, डब्यात तांदूळ होते. खण मात्र सापडेना, कारण खण ज्या खोक्यात होते ते खोकं अजून उघडलंच नव्हतं. शोधता शोधता हाताला तो करारनामा लागला. हिरवागार. घडी घातली तर अगदी खणाएवढा.

मला ते इतकं सुंदर वाटलं! आपला करारनामा आपल्या नावाचा, नवाकोरा, बॅगेत आहे. हा जुना आपल्याला काय करायचाय? ज्याच्या सहीसाठी बाईचे डोळे भरले, त्याचा कागद तिच्याकडेच असायला हवा.

काकू मागे सरकल्या. "अगं, मला नाही चालत."

"मला चालतं," मी म्हटलं. काय तो स्वर! आज आठवला तरी उशीत तोंड खुपसावंसं वाटतं.

त्यांनी पदर पुढे केला. मी तांदूळ, नारळ आणि खणाच्या जागी करारनामा घातला. काकूंनी एकदा कागदाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि एक शब्द न बोलता गेल्या. नंतर मला जिना झाडावा लागला, कारण पदरातले तांदूळ पार खालपर्यंत सांडले होते. दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या वळणांवर तर चांगले मूठमूठभर. मी झाडू मारताना गाणं म्हणत होते.

संध्याकाळी हे घरी आले, बॅग उघडून म्हणाले, आज यादी करून टाकतो. तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. हे हातपाय धुवायला गेले तेवढ्यात मी लाइटबिलांची थप्पी पाकिटात सरकवली, वजन सारखं वाटावं म्हणून, आणि पाकीट खळीनं चिकटवलं. ह्यांनी येऊन त्यावर लाल शाईनं हुकूम लिहिला. म्हटलं, चार दिवसांनी सांगू. मग म्हटलं, दिवाळीनंतर सांगू. मग लेक झाली, तिची शाळा, तिचं लग्न, तिची मुलं. सदतीस वर्षांत सांगायला सवड अशी मिळालीच नाही.

तर चौथ्या दिवशी सकाळी हे इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून पोलीस चौकीत निघाले. टेबलावर अर्जाचा मसुदा होता. मी वाचला. 'सदर दस्तऐवज माझ्या निष्काळजीपणामुळे गहाळ झाला आहे.' निष्काळजीपणामुळे! ह्या माणसाच्या हातानं हा शब्द त्याच्या स्वतःबद्दल लिहिला गेला होता, आणि 'माझ्या' खाली रेघ मारलेली होती.

"बूट काढा," मी म्हटलं. "तुम्ही नाही हरवला. मी दिला."

उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ओटी, तांदूळ, लाइटबिलं, खळ. हे खुर्चीत बसले.

"म्हणजे मी रद्दीत नाही घातला?"

"नाही."

"बिलं पण मी नाही ठेवली?"

"नाही हो. मीच."

"नक्की? का मला बरं वाटावं म्हणून सांगतेयस?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी कधी काही केलंय का?"

ते त्यांना पटलं. बूट काढले, म्हणाले, "पोहे कर." तीन दिवसांनी माणूस नीट जेवला. दुसऱ्या बशीला मात्र राग आला. "सदतीस वर्षं! सदतीस वर्षं मी कल्याणच्या लाइटबिलांची लक्ष्मी म्हणून पूजा केली?"

"मी पण केली की. कुंकू तर मीच लावत होते."

"काकूंना फोन लाव."

इथं माझं अडलं. काकूंशी संबंध तुटलेला नव्हता. दर दिवाळीला त्यांचा फोन यायचा, अलीकडे त्यांचा मुलगा लावून द्यायचा. घर कसं आहे, तुळस आहे का, एवढं बोलणं. त्या कागदाचं नाव त्यांनी काढलं नव्हतं, मीही काढलं नव्हतं.

"अहो, ओटीत घातलेलं कुणी परत मागतं का?"

"मग चौकीत काय लिहून देऊ? ओटी भरल्यामुळे गहाळ?"

ते काही मला त्यांना लिहू देववेना. कागद कुठंय ते माहीत असताना हरवला म्हणणं म्हणजे ज्या बाईनं तो जपला असेल तिचा अपमान. शेवटी आम्ही गाडी ठरवून ठाण्याला गेलो. वाटेत शिळफाट्याला गाडी तासभर अडकली, आणि मी देवाला सांगत होते, अजून तासभर अडकू दे.

काकूंचं घर तळ्याजवळच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. दार त्यांच्या सुनेनं उघडलं. काकू आता शहाऐंशीच्या. खुर्चीत ताठ बसलेल्या, डोळे मिचमिचे पण कान तिखट.

"आलीस? फार वर्षं लावलीस गं."

आम्ही बसलो. चहा आला. कुणीच विषयाला हात घालेना.

"मोरीतली कोपऱ्यातली फरशी अजून हलते?" काकूंनी विचारलं.

"हलते."

"आमच्या ह्यांनी बसवली होती. हलणारच." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "घर विकताय ना?"

"हो काकू. जिना झेपत नाही आता."

"मग कागद लागणार."

मी कपातल्या चहाकडे बघत राहिले. काकू सुनेला म्हणाल्या, "कपाटातली ती पिशवी आण, साड्यांच्या खालची." साडीच्या दुकानाची पिशवी आली, डांबरगोळ्यांचा वास घेऊन. त्यात तो हिरवा करारनामा, माझ्याच घडीवर मिटलेला. सदतीस वर्षांत घडी बदलली नव्हती.

"मला माहीत होतं गं," काकू म्हणाल्या. "घर विकताना आमच्या वकिलानं बजावलं होतं, हा कागद घराबरोबर जायला हवा. तू ओटीत घातलास आणि मी गप्प राहिले. जिना उतरताना वाटलं, वर जावं, पोरीला परत द्यावा. दोनदा थांबले. दोनदा पदर हातात धरून उभी राहिले. आणि मग खाली गेले."

दोन वळणांवरचे मूठमूठभर तांदूळ माझ्या डोळ्यांपुढे आले. आणि मी त्यावर गाणं म्हणत झाडू मारला होता.

"दिवाळीला फोन करायचे ते त्याचसाठी. म्हणायचे, आज मागेल. तू आपली तुळशीचं सांगून फोन ठेवायचीस."

"मला वाटायचं, तुम्ही माझी आठवण काढता."

"ती पण काढायचे की. पण लबाडी दोघींची, अर्धी अर्धी."

ह्यांनी घसा खाकरला. "काकू, ओटीतलं परत मागू नये हे आम्हालाही कळतं, पण—"

"तुम्ही गप्प बसा हो. हा बायकांचा मामला आहे. कुणी काही परत मागत नाहीये." त्यांनी सुनेला हाक मारली, "तांदूळ आण गं. आणि नारळ." मग माझ्याकडे बघून डोळे आणखी बारीक केले. "मी भरलेली ओटी चालेल ना तुला? तेव्हा तर मोठी सुधारक होतीस."

"अजून आहे," मी म्हटलं.

मी ड्रेस घालून गेले होते. ओढणी पसरली. तांदूळ पडले, नारळ पडला. करारनामा मात्र काकूंनी हातातच धरला.

"सहीच्या पानाची झेरॉक्स काढून आणा आधी. रंगीत. शाई निळी होती त्यांची."

हे खाली दुकानात गेले. गुडघे विसरून जिन्यानंच गेले, लिफ्ट असताना! मला ओढणी सोडता येईना, म्हणून मी तशीच तांदूळ धरून बसले. काकूंच्या सुनेनं हसू दाबत माझ्या तोंडाला चहाचा कप लावला. हे परत आले. काकूंनी झेरॉक्स मांडीवर ठेवली, सहीवरून बोट फिरवलं. मग मूळ पानावरून फिरवलं. मग पान उलटं करून मागच्या बाजूनं.

"इथं हाताला लागतं," म्हणाल्या. "दाबून लिहायचे ना. त्या झेरॉक्सवर काहीच लागत नाही." मग झेरॉक्स जवळ ओढून, "असू दे. दिसतंय तरी."

आणि करारनामा माझ्या ओढणीत घातला. मी वाकून नमस्कार केला, तेव्हा अर्धे तांदूळ त्यांच्याच पायांवर सांडले.

परतताना गाडीत हे मांडीवर कागद घेऊन बसले होते. मी म्हटलं, "तुम्ही त्यांच्यावर चिडला नाहीत."

"कशाला चिडू? जपला त्यांनी. माझ्या बॅगेपेक्षा चांगला जपला."

वकीलबाईंकडे शेवटचे सगळे कागद सुपूर्द करायच्या दिवशी दिव्याचं ते जोडपंही आलं होतं. ह्यांनी झाकणाकडे न बघता यादी म्हणून एकेक कागद टेबलावर ठेवला. क्रमांक एकला थांबून माझ्याकडे बघितलं, आणि पुढे गेले. वकीलबाईंनी करारनामा उलगडला तर घडीतून तांदळाचे दोन दाणे टेबलावर पडले. ह्यांनी ते उचलून गुपचूप खिशात घातले.

मुलगी सगळं बघत होती. म्हणाली, "आजी, तुमचे कागद ठीक आहे, पण तुमच्याही आधीच्यांचे कागद आम्ही कशाला सांभाळायचे?"

मी उत्तर देणार तेवढ्यात हेच म्हणाले, "पुढं घराचं लग्न लावायचं झालं तर?" आणि इतके हसले की वकीलबाईंना वाटलं असावं, म्हातारा खरंच कामातून गेला. मुलीला मी एवढंच सांगितलं, की हे कागद कुणालाही द्यायचे नाहीत, कितीही प्रेम दाटून आलं तरी. खण आधीच काढून ठेवत जा.

खाली उतरल्यावर ह्यांना माझ्या पर्समधून डोकावणारा कागद दिसला.

"हे काय?"

"क्रमांक दोन. आपल्या सहीचं पान. ते पण गेलं ना त्यांच्याकडे, म्हणून सकाळीच झेरॉक्स काढून आणली. रंगीत."

दोघांच्या सह्या एकाखाली एक. ह्यांची टपोरी, माझी डावीकडे कललेली, शेवटच्या अक्षराला नको तेवढी शेपटी. तेव्हाच्या मला वाटायचं, शेपटी असली की सही मोठ्या बाईची दिसते. मी वरून बोट फिरवलं. काकू म्हणाल्या तेच खरं, हाताला काही लागत नाही.

"अहो, सही करताना माझी पण जीभ बाहेर आली होती का हो?"

ह्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "आली होती. हिरवी पोपटी साडी नेसली होतीस, घाईत निऱ्या उलट्या घातलेल्या. आणि निबंधकांच्या टेबलावरचा त्यांचा चहा पदरानं सांडलास. वर त्यांनाच म्हणालीस, कप जरा आत ठेवायला काय झालं होतं."

एवढं मात्र विसरले असते तरी माझी काही तक्रार नव्हती.